खंडेनवमी अन् न दिसनारं वायफाय

आमच्या घरी वायफाय आलं तवा मले वाटलं नवीन तऱ्हेचा दिवा लावला. भितीवर एक चपटा डबा, त्याले दोन शिंगं, अन् पोटात हिरवे लाइट. नातीनं समजावून सांगतलं, "आजी, याच्यातून नेट निंगते, हवेतून जाते, अन् आतल्या खोलीतल्या कंप्युटरले भेटते."

मी म्हनलं, "बरं हाय बाई. आमच्या वावरात कॅनॉलचं पानी खोदल्या नालीतून आलं नाई, अन् तुहं नेट हवेतून जाते."

मी दुसरीत होती तवाच मायनं शाळेतून काढून निंदनाले नेली. तिथून जे उठली ते थेट लग्नाच्या मांडवात. म्हनून मी सांगतो त्यात कोनाले काही चुकीचं वाटलं त कंप्युटरवाल्याले इचारून घ्या. मी भाजीवाली हाय.

भाजीवाली मी म्हातारपनी झाली. पयले आमचं वावर होतं, चांदूर रेल्वेच्या पुढं. ते वर्सं लय बेक्कार होती. एका साली पानी आलंच नाई. दुसऱ्या साली असं आलं का कपाशीची पराटी उभ्या उभ्या सडली. तिसऱ्या साली पराटी कमरेइतकी झाली, बोंडं धरली, अन् बोंडात कापूस खानारी अयी निंघाली. आमच्याआधी तिची दिवाई झाली. लोकं म्हनत, देव परीक्षा पाहून रायला. मी म्हनलं, पाहू दे, पन दरसाली एकच पेपर काऊन देते? अन् नापास झालेल्याले वरच्या वर्गात तरी ढकलावं का नाई?

मंग मी माह्या बुढ्याले म्हनलं, या वावरावर एवढी तोंडं भागत नाई. ल्योक अन् सून राहू द्या तथी, आपन दोघं निंगू. अमरावतीले आलो, भाड्यानं दोन खोल्या केल्या, अन् चौकात पोत्याचा बोरा टाकून बसली. हिरवा सांभार, पालक, लाल भेदरं. बुढा तोलून दे, मी वरडो. गुडघे गेले, पन आवाज रायला.

नात आमच्यासंगच आली, कॉलेजासाठी. शिकली, कंप्युटरचं शिकली. पन शिकून घरी बसली. नोकरी लागे ना. इकडं माहा ल्योक फोन करून करून थकला. त्याचं म्हननं होतं, बाळापूरचे पाव्हने चांगले हायेत, पोरगी पाह्यले याले तयार हायेत, किती दिवस थांबवू? शेवटी त्यानं आखरीचं सांगतलं, "माय, दसऱ्यापर्यंत तिचं काही जमलं त जमलं. नाईतर मी पाव्हन्याइले हो म्हनतो."

पोरीले ते नको होतं. पोरगा चांगला नव्हता असं नाई, पोरगा तिनं पाह्यलाच नव्हता. तिले पयले आपल्या पायावर उभं राहाचं होतं. मी मनात म्हनलं, राह्य बाई. माह्या टायमाले कोनी इचारलं असतं त मी बी हेच म्हनलं असतं. पन कोनी इचारलं नाई, अन् मलेही इचाराची अक्कल नव्हती.

अन् मंग पुन्याच्या एका कंपनीचं बोलावनं आलं. बोलावनं म्हंजे जाचं नाई कुठंच. घरी बसून कंप्युटरवर पेपर द्याचा, अन् पेपर झाला का कंपनीचे सायेब कंप्युटरातूनच तोंड पाहून बोलतीन. मोबाइलवर चालत नाई म्हने. तसाही तिचा मोबाइल बटनाचाच होता, त्याच्यात सायेब मावला नसता. दिवस कोनता दिला? खंडेनवमीचा. दसऱ्याच्या आदला दिवस. त्या कंपनीले नवमी काय अन् आवस काय, सारखंच.

आता खंडेनवमीले आमच्या घरी काय असते ते सांगतो. त्या दिवशी हत्यारं पूजतात. विया, खुरपं, कुऱ्हाड, वखराची पास, तराजू, कातर, सगये धुवून पुसून पाटावर मांडाचे, हयद-कुंकू लावाचं, झेंडूची फुलं टाकाची. अन् एकदा मांडलं का दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघन होईपर्यंत हात लावाचा नाई. वर्सभर राबते ते एक दिवस झोपते. बुढ्याचा हा नेम लग्नाच्या आधीपासूनचा. वावर सुटलं, पन कुऱ्हाड अन् पास त्यानं बसच्या टपावर टाकून अमरावतीले आनली. कायले, त म्हने, नवमीले काय पुजू, तुले?

त्या दिवशी पहाटेच बुढ्यानं सैपाकखोलीच्या कोन्यात पाट मांडला, पूजा केली, अन् दसऱ्याचं सोनं अन् आनखी झेंडू आनाले बाजारात निंगून गेला. मी पुरन शिजाले टाकलं. पोरगी आंगधुनं करून आली, नवा ड्रेस घातला, केसं बांधले, कंप्युटर चालू केलं. अन् थोड्या वेयानं आवाज आला.

"आजी, नेटवर्क दिसत नाई!"

मी म्हनलं, "चष्मा लाव."

"आजी, मजाक नको करू. कंप्युटरले वायफायच दिसत नाई. काल रात्री चांगलं चालू होतं."

मी हात पुसत गेली. पोरीचं तोंड एवढुसं झालं होतं. तिनं डब्याचं बटन बंद केलं, पुन्हा चालू केलं. हिरवे लाइट आले. कंप्युटर बंद केलं, पुन्हा चालू केलं. काहीच नाई. नेटवाल्याइले फोन लावला. तिकडून एक बाई गोड आवाजात म्हने, डबा बंद करून चालू करा. पोरगी म्हने, केला. बाई म्हने, मंग कंप्युटर बंद करून चालू करा. मी म्हनलं, आमच्या गावचा ढोराचा डाक्टर बी असाच होता. बसला बैल उठवा म्हने, अन् उठला बैल बसवा म्हने.

मंग पोरगी म्हने, डबा दूर पडते का काय? तिनं डबा भितीवरून काढून माह्या हातात देल्ला. मी तो आरतीच्या ताटासारखा धरून दारात उभी रायली. "आजी, थोडी डाव्या हाताले. थोडी वर." मी वर केला, खाली केला, ओवाळल्यासारखा गोल बी फिरवला. कंप्युटरनं काही प्रसाद देल्ला नाई.

"वायरनं जोडू," पोरगी म्हने. "डब्यासंग एक पिवया वायर आलता. कुठं हाय?"

तो वायर मले चांगला माहीत होता. बुढ्यानं त्याचे तुकडे करून अंगनातल्या दोडक्याचा येल बांधला होता. त्या साली दोडके लय लागले होते, तेवढंच एक पीक आमचं साधलं.

आता पोरीनं दुकानवाल्याइले फोन लावनं सुरू केलं. पयला म्हने, "ताई, आज नवमी हाय. स्क्रू खोलाचा पेचकस पूजेत हाय. उद्या येतो." दुसरा म्हने, "आज आमी मशीनले हात लावत नसतो." मी चौकातल्या नेटकॅफेच्या दुकानापर्यंत जाऊन आली, म्हनलं पोरगी तथी बसून पेपर देईन. शटर अर्धं खाली. आत वाकून पाह्यलं त सगये कंप्युटर लायनीनं बसलेले, एकेकाच्या गयात हार, कपायावर कुंकू. नवरदेवंच वाटत होते. मालक गायब. अख्ख्या अमरावतीत त्या दिवशी एक पेचकस मोकया सापडत नव्हता. सगये झेंडूखाली पडलेले.

तवा मले आमच्या गल्लीच्या टोकाचा मिस्त्री आठवला. मुसलमान हाय, कूलर, मिक्सर, टीव्ही, समदं खोलते. माह्याजवळून मेथी नेते अन् दरवेळी एक जुडी जास्त मागते. मी दारातूनच वरडली, "भाऊ, चाल लवकर, पोरीचा कंप्युटर बसला!"

तो थैला घेऊन आला. येता येता म्हने, "अम्मा, आज पूरा मोहल्ला मेरेच पीछे लगा हाय. सालभर पूछते नहीं, नवमीले सगयाइले माही याद येते."

"तुह्या पेचकसले सुटी नाई ना, म्हनून."

"उसकी छुट्टी ईद कू," तो म्हने. "अन् उस दिन भी तुम लोक बुलाते."

त्यानं पयले आपला मोबाइल काढला. मोठा, बोटानं सरकवाचा. पाह्यलं अन् म्हने, "मेरे मोबाइल पे आपका वायफाय फुल दिखता. डब्बा एकदम तंदुरुस्त हाय. कंप्युटरच पकडत नहीं." म्हंजे त्या डब्याले मी उगाच ओवाळलं. मंग तो खाली बसला, कंप्युटरची पेटी भितीपासून अलग सरकवली, मांगं वाकून पाह्यलं, अन् तसाच वाकलेला रायला.

"बेटा, डोंगल कहां हाय?"

पोरगी म्हने, "मांगंच हाय."

"मांगं मच्छर हाय अन् जाला हाय. डोंगल नहीं हाय."

पोरगी धावली. खरंच नव्हतं. तवा मले समजलं का डब्यातून निंगालेलं नेट धराले कंप्युटरच्या पाठीत बोटाएवढी एक काडी खुपसून ठेवा लागते, निया लाइटची. ती काडी म्हंजे डोंगल. काडी नाई त कंप्युटर आंधया. भितीच्या अंगाले होती म्हनून लावल्यापासून कोनी तिकडं पाह्यलंच नव्हतं. पोरगी सकायपासून कंप्युटरच्या पोटात बिघाड शोधत होती. मिस्त्रीनं त पेचकस थैल्याबाहेर बी काढला नाई.

मंग शोधाशोध. गादीखाली पाह्यलं, झाडनीनं पलंगाखालचं वढलं. मी म्हनलं उंदरानं नेलं असन, मिस्त्री म्हने उंदीर नेट का क्या करेगा. पोरीच्या पेपराले घंटाभरही रायला नव्हता. ती नुसती इकडून तिकडं जाये. मले तेच खराब वाटत होतं. रडली असती त मी दटावली असती.

तेवढ्यात बुढा आला. हातात झेंडूची पिशवी, बगलेत सोन्याची, आपट्याची डांग. आम्ही तिघंही जमिनीवर वाकलेलो पाहून म्हने, "काय हारपलं वं?"

मी म्हनलं, "पोरीच्या कंप्युटरची काडी. बोटाएवढी. निया लाइटची."

"ते?" बुढा पिशवी ठेवत म्हने. "ते देवाजवळ हाय."

बुढ्याले वाटलं आमाले समजलं नाई, म्हनून तो बैजवार सांगाले लागला. "हत्यारं सगये मांडले. मंग म्हनलं पोरीचं हत्यार कोनतं? त कंप्युटर. पन तो धूड पाटावर मावत नाई. बैलबंडीची पूजा करतो तवा आख्खी बंडी थोडीच घरात घेतो आपन, जू घेतो. तसं म्या पाह्यलं का कंप्युटरचं राबनारं काय हाय. मांगं ते दिवसरात्र टिमटिम करते. म्हनलं हेच राबते. तिच्या आजच्या कामाले यश यावं म्हनून त म्या ठेवलं."

मी सैपाकखोलीत गेली. झेंडू बाजूले केले. कुऱ्हाडीच्या अन् तराजूच्या मधात बसली होती काडी, हयद-कुंकवानं माखलेली. मी पहाटे तिच्यापुढं डोकं बी टेकवलं होतं. मी हात पुढं केला त बुढा मांगून वरडला, "हात नको लावू! मांडलेलं हत्यार नवमीले उचलत नसते."

"पोरीचा पेपर हाय आत्ता."

"उद्या द्या म्हनावं. उचललं त वर्स खराब जाते."

मी म्हनलं, "अहो, चांगलं कोनतं गेलं? एकही नवमी तुमी चुकले नाई. कोरडं पडलं त्या साली बी पूजा केली, सडलं त्या साली बी केली, अयी पडली तवा त दोन नारय फोडले. अयीनं खोबरं बी नाई मागतलं."

"माह्या मोठ्या भावानं नवमीले कुऱ्हाड उचलली अन् बैल मेला."

"त्या साली साऱ्या गावाचे बैल रोगानं मेले. सगयाइनं काय कुऱ्हाडी उचलल्या होत्या?"

बुढा तोंड फिरवून पाटापुढं बसला. वाघ बसावा तसा. आता त्याच्या अंगावरून हात घालून काडी घ्याची म्हंजे नवमीच्या दिवशी नवरा-बायकोची कुस्ती, अन् मिस्त्री पाहाले हजर.

मी कुस्ती केली नाई. मी गॅस बंद केला. पुरन झालं होतं, पहिली पोयी लाटाची होती. लाटनं धुतलं, पोयपाट धुतला, तवा फडक्यात धरून आनला, चिमटा, उलथनी, भाजी चिराची इयी, एकेक करून पाटावर बुढ्याच्या कुऱ्हाडीच्या बाजूले मांडले. बोटानं कुंकू लावलं, वरून झेंडू टाकले.

"हे काय करून रायली?" बुढा म्हने.

"माहे हत्यारं हायेत. लग्नापासून एका नवमीले याइले झोप नाई भेटली. नवमीले त उलट जास्तच राबतात. आज झोपू द्या."

"लाटन्याची पूजा कोनी केली आजवर?"

"म्हनूनच करून रायली. अन् मांडलेलं उचलत नसते, तुमीच सांगतलं. आता पोया उद्या, सीमोल्लंघन करून आले का."

घरभर पुरनाचा अन् इलायचीचा वास सुटला होता. बुढा पहाटेपासून उपाशी होता. मिस्त्री दारातून म्हने, "आबाजी, रोजा लग गया तुमकू."

बुढा हासला नाई. जागचा हालला बी नाई. माहं लाटनं वाया जाते का काय असं मले वाटलं. तवा पोरगी पुढं आली. तिनं आवाज चढवला नाई.

"राहू द्या आबाजी," ती म्हने. "नका उचलू. मी बाबाले फोन करते. पाव्हन्याइले या म्हना म्हनते."

अन् खरंच मोबाइल काढून बटनं दाबाले लागली.

बुढ्यानं तिच्याकडं पाह्यलं. त्याले ते सांगा लागलं नाई का बाळापूरचं काय ठरलं होतं, फोन आले तवा तो बाजूलेच बसून राहे. तो हळू उठला, गुडघ्यावर हात ठेवून, देवापुढं हात जोडले. "पोरीचं हाय. तिचं काम निंगालं. माफ कर्जो," म्हने, अन् आपल्याच हातानं काडी उचलून पोरीच्या हातावर ठेवली. "फोन ठेव व माय," म्हने. "घे."

काडी घेतली पन काडीच्या तोंडात कुंकू गेलेलं, वरून पानी शिंपडलेलं. मिस्त्रीनं आपल्या शर्टाच्या कोन्यानं पुसली, दाताच्या काडीनं कोरली, फुंकली, उन्हात धरली. म्हने, "इतना मेकअप तो दुल्हन का नहीं होता." मांगं लावली, लाइट आला नाई. पोरीनं डोये मिटून घेतले. मिस्त्रीनं पेटीच्या पुढच्या भोकात लावली. थोडा वेय काही नाई. मंग निया लाइट टिमटिमला, अन् पडद्यावर आमचं वायफाय आलं, वरच्या मालकाचं आलं, आनखी कोनाकोनाचं आलं. सगये लायनीनं उभे. पोरगी खुर्चीत बसली ते मांगं पाह्यलं बी नाई.

मी दार लोटलं. मिस्त्रीले पैसे घे म्हनलं त म्हने, "कामच नहीं किया, पैसे कायचे? मेथी देना." दोन जुड्या देल्ल्या.

आता गल्लीच्या तोंडाशी देवीचं मंडय होतं. नेमकं त्याच टायमाले पोट्टयाइनं भोंगा लावला. भिती हालत होत्या. मी म्हनलं आता सायेबाले पोरीचं काय ऐकू येनार? मी चप्पल घालेपर्यंत बुढा निंगून गेलता. दरवर्सी मंडयात पयल्या आरतीले उभा राहनारा मानूस तो, पोट्टे त्याले मानत. तिथं जाऊन म्हने, "भोंगा बंद करा रे घंटाभर."

पोट्टे म्हने, "आबाजी, देवीचे गाने हायेत."

"देवी मनातलं बी ऐकते," बुढा म्हने. "कंपनी नाई ऐकत. बंद करा."

बंद केला. बुढा तिथंच मंडयात खुर्ची टाकून बसून रायला, कोनी बटन दाबू नये म्हनून. मी अंगनात दोडके तोडत बसली. आतून पोरीचा आवाज येत होता, इंग्रजीत. मले एक अक्षर समजलं नाई, पन ती अडखळत नव्हती तेवढं समजलं. एकदा ती हासली. सायेब हासवत असन त मानूस बरा असन, असं मी धरलं.

बाहेर आली तवा तिचा ड्रेस पाठीवर घामानं चिकटला होता. "उद्या सांगतो म्हने," एवढंच बोलली, अन् मटकन खाली बसली. आमी त्या दिवशी तिघंही पुरन वाटीत घेऊन चमच्यानं खाल्लं. लाटनं मी उचललं नाई. बुढ्यानं दोनदा पाटाकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् वाटी चाटली.

दसऱ्याच्या संध्याकायी लोकं सोनं द्याले येत होते. घरात गर्दी, पायावर डोकी. अन् पोरीचा फोन वाजला. ती कोन्यात गेली, एक कान बोटानं बंद केला. यस सर, यस सर. मी सोन्याची पानं हातात धरून तशीच उभी. समोरची बाई म्हने, "घ्या ना काकू." मी म्हनलं, "थांब."

पोरीनं फोन ठेवला. आमच्याकडं आली. "घेतलं त्याइनं," म्हने. "दिवाई झाली का पुन्याले ये म्हनतात."

बुढ्यानं काय इचारावं? "जेवाचं काय तथी?"

अन् मंग तोंड धुवाच्या निमितानं मोरीत गेला, ते बराच वेय आलाच नाई.

रातच्याले ल्योकाचा फोन आला. दसऱ्याचं सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, एवढं झाल्यावर मुद्द्यावर आला. "माय, मंग पाव्हन्याइले काय सांगू? इतवारी याचं म्हनतात."

मी म्हनलं, "येऊ दे ना. चहा पाजू, चिवडा देऊ."

"अन् पोरगी?"

"पोरगीच पाहाची असन त पुन्याले जा म्हना. सुटीच्या दिवशी. अन् पयले तिले फोन करून इचारा म्हना, येऊ का म्हनून."

ल्योक म्हने, "नोकरी लागली?"

"लागली."

"मंग पयले सांगाचं ना, माय!"

"तू पयले पाव्हने इचारले," मी म्हनलं, अन् फोन पोरीजवळ देल्ला.